अप्पासाहेबांचं तमिळ

अप्पासाहेबांना तमिळ येतं, हे मिरजगावच्या आसपास शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. किती येतं, ते मात्र कुणी कधी तपासलं नव्हतं. फौजेत उभी जवानी घालवलेला माणूस, त्यात शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत अडीच वर्षं काढून आलेला, म्हणजे त्याला तमिळ येणारच, अशी लोकांची समजूत. खरी गोष्ट अशी की अप्पासाहेबांना त्या भाषेतले चार-पाच शब्द येत होते. ‘वा’ म्हणजे ये. ‘पो’ म्हणजे जा. ‘तन्नी’ म्हणजे पाणी. आणि झोपेतून उठवून विचारलं तरी खणखणीत यायचे असे दोन: ‘निल्लु!’ म्हणजे थांब, आणि ‘कै तूक्कु!’ म्हणजे हात वर. नाकाबंदीवर उभ्या असलेल्या शिपायाला एवढ्या भाषेवर भागवता येतं.

या भागात बोअर घ्यायला तमिळनाडूच्या गाड्या येतात. गाडी तिकडची, पोरंही तिकडची. कुठल्याही वस्तीवर गाडी लागली की अप्पासाहेब पायात वहाणा सरकवून हजर. गुपचूप मागून जायचं आणि एकदम आवाज चढवून ‘निल्लु! कै तूक्कु!’ करायचं. पोरं आधी दचकायची, मग वळून बघायची तर पांढऱ्या मिशांचा म्हातारा कमरेवर हात ठेवून हसतोय. मग तीही हसायची. ‘ओके सार, ओके सार’ म्हणत हात वर करायची, मोबाईलवर व्हिडिओ काढायची. त्यांना वाटे, बाबा कुठल्यातरी पिक्चरमधला पोलीस करून दाखवतोय. गावाला फुकटची करमणूक. या गाड्या आणून देणारा बोअरचा एजंट पीरमहंमद हा अप्पासाहेबांचा शाळेपासूनचा दोस्त. तो दर वेळी म्हणायचा, “अप्पा, तुझं तमिळ असंच वाढत गेलं तर तिकडं निवडनुकीला उभा करतील तुला.”

पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडावंदन झालं की अप्पासाहेबांचं भाषण ठरलेलं. भाषणही ठरलेलंच.

“बाळांनो, आमी विमानातून उतरलो आन जाफना गावात शिरलो, तर काय सांगू! रस्त्याच्या दोन्ही अंगाला मानसंच मानसं. बाया, म्हातारे, तुमच्याएवढी पोरं. गाडीवर फुलं टाकत्यात, शहाळी फोडून देत्यात. एका चष्मेवाल्या मानसानं माझ्या गळ्यात हार घातला, माझा हात धरला आन ढसाढसा रडला. म्हनाला, आता तुमी आलात, आता आमी वाचलो. परक्या देशातला मानूस आपल्या फौजेला बघून रडतो, ह्याला म्हनायचं भारताची इज्जत!”

टाळ्या पडायच्या, चॉकलेटं वाटली जायची आणि अप्पासाहेब घरी यायचे. गोष्ट तिथंच संपायची. ती सत्त्याऐंशीच्या ऑगस्टमधली गोष्ट होती. ऑक्टोबरात त्याच रस्त्यावर त्यांच्या चिलखती गाड्या सुरुंगावर जायला लागल्या, ज्यांचं भांडण मिटवायला गेलो त्यांच्याशीच लढायची पाळी आली, आणि शेजारच्या गाडीतला आसाराम, आपल्याच खालच्या वाडीचा आसाराम, डोळ्यांदेखत जळाला, हे त्यांनी कधी कुठल्या पोराला सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? कुणासाठी मेला, हे विचारलं असतं तर?

आसारामच्या आईनं, केशरबाईनं, विचारलं होतं. अप्पासाहेब सुट्टीवर आले तेव्हा म्हातारी दारात येऊन बसली आणि एवढंच म्हणाली, “अप्पा, तिथल्या लोकांनी बोलावलं हुतं का रं तुमाला?” तेव्हा त्यांनी हाराची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. म्हातारीनं पदर डोळ्याला लावला आणि शांत होऊन गेली. त्या दिवसापासून हार अप्पासाहेबांच्या तोंडात बसला तो बसलाच. खोटा नव्हता तो. हार घातलाच होता की! पण अर्धीच गोष्ट वर्षानुवर्षं सांगत राहिलं की माणसाला स्वतःलाही बाकीची अर्धी नकोशी होते, तसं त्यांचं झालं होतं.

आता त्याच गोष्टीनं त्यांच्या घरात पाय ठेवला होता.

अप्पासाहेबांचा मुलगा ओंकार हाही फौजेत. महिनाभराच्या सुट्टीवर आला होता. आल्यावर चार दिवसांनी जेवता जेवता त्यानं विषय काढला. त्याच्या पलटणीतून काही जवान यूएनच्या मिशनवर दक्षिण सुदानला जायचे होते, वर्षभरासाठी. तिथं आपसातच कापाकापी चाललीय, गावंच्या गावं पळून छावणीत येऊन बसलीत, त्यांच्या राखणीला पहारा द्यायचा.

“मी नाव देऊ का, अप्पा?” ओंकार म्हणाला. “तुमी म्हनाल तसं. तुमी जा म्हनला तर जातो. न्हाई म्हनला तर विषय बंद. पर ह्या रविवारपर्यंत कळवायचंय.”

ओंकारच्या आईची, चांगुणाबाईंची, भाकरी तव्यावर तशीच राहिली. सून अश्विनी दारात उभी होती, पाचवा महिना लागलेला. दुसऱ्या दिवशी अप्पासाहेब लिंबोणीच्या बागेत पाटाचं बघत होते तिथं ती चहाचा कप घेऊन गेली.

“मामा, तुमी न्हाई म्हना,” ती सरळ म्हणाली. “माझं न्हाई ऐकत ते. तुमचं ऐकतील. कुनाची ती गावं, कुनाची ती भांडनं! आपल्या हद्दीवर उभं ऱ्हायला सांगितलं तर मी कवा अडवलंय का? पर हे कशासाठी?”

“बघू,” अप्पासाहेब म्हणाले.

“बघू नका, मामा. न्हाई म्हना.”

तिनं एवढं तोंड उघडून कधी काही मागितलं नव्हतं. अप्पासाहेबांना वाटलं, आत्ता जाऊन सांगावं, नको जाऊ म्हणून. पण ओंकारनं ‘का?’ विचारलं तर? दर पंधरा ऑगस्टला पहिल्या रांगेत बसून त्यानं हाराची गोष्ट ऐकली होती. सातवीत असताना त्याच गोष्टीवर भाषण करून बक्षीस आणलं होतं. त्या पोराला आता कुठल्या तोंडानं सांगायचं, की बाळा, पुढचं ऐक?

शनिवारी पीरमहंमद बोअरची जागा पक्की करायला आला आणि ओट्यावर चहा घेता घेता हाच विषय निघाला. पीरमहंमदला कुठल्याही विषयात गप्प बसवत नाही.

“मला एक सांग, ओंकार,” तो म्हणाला. “दोन भाऊ डोकी फोडत्यात. तू तिसऱ्या गावचा. तू काठी घिऊन त्यांच्या घरात शिरनार. कुनाच्या बाजूनं?”

“कुनाच्याच न्हाई, चाचा. मधी उभं ऱ्हायाचं.”

“मधल्याला दोन्हीकडनं बसती, बाबा. बापाला विचार.”

“आन न्हाई गेलं तर?” ओंकार तापला. “तिथं बायापोरं कापत्यात, चाचा. मी व्हिडिओ बघितलेत. छावनीच्या दाराशी बाया पोरं घिऊन बसल्यात आन दारावर कोन हाय, तर आपला जवान. तो हाय म्हनून त्या जित्या हायेत. आपन हिकडं लिंबं तोडत बसायचं आन म्हनायचं, आपल्याला काय त्याचं? मंग आपल्यावर वेळ आली तर कुनी कशाला यावं?”

“यतंय कोन!” पीरमहंमद म्हणाला. “ज्याला खाली तेल-बिल दिसतं तो यतो. आन आला की जात न्हाई.”

“आमी जातो ना परत! आमाला काय पायजे हाय तिथलं? सांगा की अप्पा. तुमी काय मागायला गेल्ता का लंकेत?”

दोघंही अप्पासाहेबांकडे बघायला लागले. अप्पासाहेबांनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली आणि उद्या मशीन किती वाजता येणार ते विचारलं. पीरमहंमद मनात काय समजायचं ते समजला आणि उठला. ओंकार मात्र हसला. बापानं विषय बदलला, हा त्यानं होकारच धरला असावा.

रविवारी सकाळी गाडी आली. चांगुणाबाईंनी नारळ, हळदकुंकू काढलं, मशीनला ओवाळलं. लोखंडी खांब उभा राहिला आणि खडखडाट सुरू झाला. पांढऱ्या धुरळ्यानं पाच मिनिटांत सगळ्यांच्या भुवया पिकल्या. गावातली चार टाळकी बघायला जमलीच होती. बारा वाजायच्या सुमाराला कॉम्प्रेसर बंद केला. जेवायची वेळ झाली होती आणि ज्याच्या रानात बोअर त्याच्या घरी मशीनवाल्यांचं जेवण, ही इकडची रीत. अश्विनीनं ताटं मांडायला घेतली.

अप्पासाहेबांना आवाज थांबलेला बघून राहवलं नाही. खरं म्हणजे त्या दिवशी त्यांना मस्करीची इच्छा नव्हती. पण लोक बघत होते, पीरमहंमद डोळा घालत होता, आणि सकाळपासून ओंकारची नजर चुकवत फिरायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. जरा हसण्याखिदळण्यात वेळ जाईल तर बरं, असं त्यांना वाटलं.

गाडीच्या मागं एक माणूस पाठमोरा वाकून पाइपाचा आटा सैल करत होता. बाकीची पोरं विशी-पंचविशीतली. हा चांगला सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसचा, केस पांढरे, की धुरळ्यानं पांढरे, कोण जाणे. अप्पासाहेब पाऊल न वाजवता त्याच्या मागं गेले, छाती फुगवली आणि गरजले:

“निल्लु! कै तूक्कु!”

पोरं खिदळली. तो माणूस खिदळला नाही. त्याच्या हातातला मोठा पाना खाली पडला, त्याच्याच पायावर पडला, तरी त्यानं पाय हलवला नाही. दोन्ही हात वर गेले. मागं वळून न बघता तो हळूच गुडघ्यावर बसला आणि त्यानं हाताची बोटं डोक्याच्या मागं एकात एक अडकवली. मग मान खाली घालून तो थांबून राहिला.

जमलेली टाळकी हसली. त्यांना वाटलं, वा! हा तर जोडीचा नट निघाला. पीरमहंमदनं टाळीसुद्धा दिली कुणाला तरी. अप्पासाहेब मात्र जागच्या जागी गार झाले. पोरांचं हात वर करणं वेगळं आणि हे वेगळं. हात डोक्यामागं बांधून गुडघ्यावर बसायचं असतं, हे कुठल्या पिक्चरमध्ये बघून कळत नाही. ते नाकाबंदीवर शिकवलं जायचं. शिकवणाऱ्यांत ते स्वतः होते.

“अरे उठ, उठ!” ते ओरडले, मग हिंदीत ओरडले, मग स्वतःच खाली बसून त्याचे हात सोडवायला लागले. हात घट्ट बसले होते. “मजाक किया भाई, मजाक! मैं पागल हूँ, उठो!”

त्या माणसानं त्यांच्याकडं पाहिलं. आजूबाजूला पाहिलं: लिंबोणी, बोअरची गाडी, हसणारे लोक. मग तो उठला, गुडघे झटकले आणि सगळ्यांत आधी, काय सांगावं माणसाला, सगळ्यांत आधी तो ‘सॉरी सार’ म्हणाला.

अप्पासाहेबांनी जमलेल्या लोकांना अशी काही शिवी हासडली की दोन मिनिटांत रान मोकळं झालं. त्या माणसाला हाताला धरून त्यांनी ओट्यावर आणलं, पायावर हळद दाबली, आणि पंगतीत आपल्या शेजारी बसवलं. त्याचं नाव तवराजा. बरीच वर्षं बोअरच्या गाड्यांवर महाराष्ट्रात फिरत असल्यामुळं हिंदी मोडकीतोडकी का होईना, येत होती.

“गाँव कौन-सा?” अप्पासाहेबांनी विचारलं. उत्तर काय येणार ते त्यांना कळलं होतं.

“इधर तमिळनाडू, रिफ्यूजी कॅम्प में है साब. पहले जाफना.”

चांगुणाबाई वाढता वाढता थांबल्या. ओंकारनं मान वर केली. त्याचा चेहरा उजळला.

“जाफना?” ओंकार म्हणाला. “अप्पा, अहो, हे तर तुमच्या जाफन्याचे! भैया, मेरे पिताजी थे वहाँ. शांतिसेना में. आपने देखा होगा, सब लोगों ने हार डाला था...”

“हाँ,” तवराजा म्हणाला. “मेरा पिताजी भी डाला.”

ओंकारनं विजयानं अश्विनीकडं पाहिलं. तवराजा भात कालवत होता. पुढं बोलायची त्याला घाई नव्हती, कदाचित बोलायचंही नव्हतं. पण अप्पासाहेबांनी विचारलं. विचारल्यावाचून त्यांना राहवेना. त्याचा बाप कसा होता, चष्मा होता का, रडला होता का?

“सब रोया, साब,” तवराजा म्हणाला. “चष्मा नहीं था.”

मग तो सांगत गेला. रस्त्यावर बापाचं सायकलचं दुकान होतं. बापाला थोडी हिंदी येत होती, म्हणून हिंदी बोलणारे शिपाई दुकानाशी थांबायचे. पाणी प्यायचे, विडी ओढायचे, कोण काय म्हणतंय ते बापाला विचारायचे. लढाई सुरू झाली तेव्हाही विचारायचे. बाप घाबरायचा, पण नाही म्हणायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्याला अजून वाटायचं की हे लोक सगळं नीट करूनच जातील. तवराजा तेव्हा दहा वर्षांचा. शाळेच्या वाटेवर नाकाबंदी होती, तिथं रोज गुडघ्यावर बसायचं, हात डोक्यामागं. रोजचंच होतं ते. मारलं-बिरलं कुणी नाही, तो म्हणाला, एका शिपायानं तर त्याला बिस्किटंही दिली होती.

“फिर आप लोग चला गया,” तो म्हणाला. “जहाज में बैठ के. मार्च महिना.”

“हां,” अप्पासाहेब म्हणाले. जहाजात बसून गेल्याचं त्यांना आठवत होतं. सुटलो एकदाचे, असं म्हणून पोरांनी डेकवर एकमेकांना मिठ्या मारल्या होत्या. त्यांनीही मारल्या होत्या.

“उसके बाद हमारा लड़का लोग आया. बंदूकवाला. हमारे ही गाँव का लड़का. हार किसने डाला, पानी किसने दिया, बात किसने किया, सब को सब याद था. पिताजी दुकान में पंक्चर निकाल रहा था. बोला, पाँच मिनट बात करना है. सायकिल वैसा ही उलटा पड़ा था, पहिया निकाला हुआ.”

बाप परत आला नाही. आई त्याला घेऊन होडीनं रामेश्वरला आली. मोठी बहीण लग्न झालेली, ती तिकडंच राहिली.

ओंकारनं पाण्याचा तांब्या उचलला आणि परत ठेवला. मग तो म्हणाला, जरा चढ्या आवाजातच म्हणाला, “मतलब फौज नहीं आती तो अच्छा होता?”

तवराजानं त्याच्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं.

“दो हजार नौ का आखिरी लड़ाई में नहीं आया न,” तो म्हणाला. “बहन, उसका तीन बच्चा, समुंदर के किनारे में सब लोग फँसा था. दोनों तरफ से गोला. उधर किसी के पास फोन था, उसमें से मेरे को फोन किया. पूछा, तुम इंडिया में है न, इंडिया आएगा क्या? मैं बोला आएगा, आएगा, कल आएगा. मेरे को क्या मालूम! मैं तो ऐसा ही बोअर का गाडी पे था. वो बोली, जल्दी बोल उनको. मैं किसको बोलेगा?” त्यानं भाताचा घास केला आणि तो हातातच धरला. “कोई नहीं आया. फोन बाद में लगा नहीं.”

अश्विनी भिंतीला टेकून उभी होती, ती खाली बसली. तिला हिंदी सगळी समजत होती. कालपर्यंत ‘कुनाची ती गावं’ म्हणणारी पोर आता त्या माणसाच्या ताटात न मागता भाजी वाढायला पुढं झाली, आणि वाढून झाल्यावर तिथंच बसून राहिली.

इतकी वर्षं त्यांना वाटायचं, गेलो ते चुकलं की बरोबर, हे सांगणारा एखादा माणूस भेटावा, मग तो शिव्या का देईना. आणि हा समोर बसलेला माणूस शिव्याही देत नव्हता आणि बरोबरही म्हणत नव्हता. त्यांना त्याचा राग आला. देवाशपथ राग आला! मग त्या रागाचीच लाज वाटली.

त्यांनी ओंकारकडं बोट केलं.

“ये मेरा लड़का है. इसको भेज रहे हैं. अफ्रीका. वहाँ भी ऐसा ही है, भाई-भाई का झगड़ा. लोग छावनी में हैं, उनको बचाना है. तुम बोलो. भेजूँ?”

“अप्पा, त्यांना काय विचारताय?” ओंकार म्हणाला.

“गप बस. ज्याच्या घरात शिरलो हुतो त्यालाच इचारतोय.”

तवराजाला हे असलं विचारलं जाईल, असं वाटलं नव्हतं. तो ओंकारकडं बघत राहिला. पोरगं धडधाकट, सरळ, डोळ्यांत कसलंही पाप नसलेलं. असलीच पोरं सायकलच्या दुकानावर पाणी प्यायला थांबत असणार.

“वापस कब आएगा?” त्यानं विचारलं.

“एक साल में.”

“पक्का है? तारीख?”

“पक्का.”

“उधर शांती हुआ, नहीं हुआ, तो भी?”

“तो भी,” अप्पासाहेब म्हणाले. फौजेत हे उत्तर सगळ्यांना माहीत असतं. तवराजा मान हलवून म्हणाला, “तो मत भेजो, साब. वो लोग इसको पानी देगा.”

एवढं बोलून तो जेवायला लागला. अप्पासाहेबांच्या डोळ्यांसमोर रस्ता आला, दोन्ही अंगाची माणसं आली, शहाळी फोडणारे हात आले. त्यातले किती जण मार्चनंतर पाच मिनिटं बोलायला म्हणून गेले असतील? हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. आसाराम त्यांना रोज आठवायचा. हार घालणारा माणूस आठवायचा तो फक्त हार घालण्यापुरता.

“ओंकार,” ते म्हणाले. त्यांनी ताट बाजूला सारलं. “ओंकार, जाऊ नगंस. मी सांगतो म्हनून जाऊ नगंस. मी तुला समदं सांगितलंच न्हाई कधी. हार घातला तिथवर सांगितलं. पुढचं आज हे सांगतायत. तुमी जाल, त्या बाया तुमच्या भरवशावर दाराशी येऊन बसतील, आन तारीख आली की तुमी सामान बांधाल. तुझी चूक नसल त्यात. माझी बी नव्हती. पर जाऊ नगंस.”

अश्विनीनं डोळे मिटले. सुटकेचा निःश्वास टाकला पोरीनं.

ओंकार खाली मान घालून ताटातली भाकरी मोडत बसला. मोडलेले तुकडे पुन्हा मोडत राहिला. चांगुणाबाईंना आधी कळलं, आईच ती. “काय रं?” त्या म्हणाल्या.

“अप्पा,” ओंकार म्हणाला, “नाव मी मागल्या महिन्यातच दिलंय. हुकूम बी आलाय. पुढल्या महिन्यात निघायचंय.”

“आन मंग मला इचारलंस ते?”

“तुमी व्हय म्हनाल, असंच धरलं हुतं मी. तुमीच जा म्हनला असता म्हंजे हिची समजूत घालायला सोपं गेलं असतं.”

अश्विनी उठली. तिनं आदळआपट केली नाही. नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मी पाच दिवस मामांच्या मागं लागले हुते. तुमी बघत हुता. मजा वाटत हुती का?”

“अशू, तसं न्हाई गं...”

“मला सांगायचं तरी! न्हाई कसं म्हनले असते मी? हुकूमच आल्यावर काय म्हननार हुते? नुसतं सांगायचं तरी हुतं.”

आता मात्र तिला रडू फुटलं. बोअरची पोरं ताटं तशीच टाकून हात धुवायच्या निमित्तानं बाहेर सटकली. तवराजाला मराठी पुरती कळत नव्हती, तरी काय झालं ते कळलं असावं. तो उठायला लागला तर चांगुणाबाईंनी त्याला खुणेनं बसवलं. पाहुणा उपाशी उठू नये, एवढंच त्या घटकेला त्यांच्या हातात होतं.

ओंकारनं अश्विनीचा दंड धरला आणि तिला जवळ बसवलं. फौजेतला असला तरी बायको रडायला लागली की त्याचं काही चालत नसे.

“ऐक की,” तो अजिजीनं म्हणाला. “रडतीस कशाला? मी काय कायमचा चाललोय का? वरीसभराचा तर सवाल हाय. तिथं काय का हुईना, मिटू न्हाई तर पेटू, तारीख आली की आमी विमानात. एक दिवस जास्त न्हाई. पक्कं असतं ते. बाळ बसायला लागलं असंल तवर मी दारात हजर. आईची आन!”

“नक्की?” अश्विनीनं विचारलं.

“अगं, कागदावर हाय.”

तिनं पदरानं नाक पुसलं. रडणं थांबलं. चेहरा जरासा सैलही पडला. चांगुणाबाईंनी देवाला हात जोडले आणि पुटपुटल्या, वर्ष काय, बघता बघता जाईल.

तवराजा मान खाली घालून जेवत होता. अप्पासाहेब त्याच्या शेजारीच बसले होते, मांडीला मांडी लागेल इतके जवळ. पोरगं तारखेला परत येणार, काहीही झालं तरी येणार, हे त्यांनीही ऐकलं होतं. आणि त्या माणसाच्या शेजारी बसून, त्याचं सगळं ऐकून झाल्यावरही, त्यांना हायसं वाटलं.